बहात्तर गावांचा राजा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या मानवतकडं ‘राजा’ हा शब्द फारसा प्रेमानं कुणी उच्चारत नाही. गोष्टीतला राजा वेगळा. खरा राजा म्हटलं की आमच्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर निजाम यायचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा आणि सगळा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत, आणि शेवटी शेवटी रझाकारांची दहशत. ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्यापुढं एखाद्या राजाचं कौतुक करायचं म्हणजे जिभेवर ताबा ठेवूनच करावं लागतं. तरीही आज मी तुमच्याशी एका राजाबद्दलच बोलणार आहे. अगदी लहान राजा. इतका लहान की त्याचं सगळं राज्य आजच्या परभणी जिल्ह्यात चार-पाच वेळा मावलं असतं.

मी मानवतला बरीच वर्षं मुलांना मराठी शिकवलं. शिकवण्याचा तास उरला की व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचून दाखवायचो. त्या कादंबरीत धनगरांच्या एका वाडीत तालीम बांधली जाते आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. तो भाग आला की एखादं पोरगं हमखास विचारायचं, ‘‘सर, हा राजा खरा होता का?’’

होता. त्यांचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. संस्थान औंधचं. आता हे औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात येतं. पुण्याजवळचं औंध ते वेगळं, एवढं आधी सांगतो, कारण गल्लत नेहमी होते.

या घराण्याचा मूळ पुरुष परशुराम त्रिंबक. किन्हई गावचं कुलकर्णीपण या घराकडं होतं. संभाजी महाराजांनंतरच्या धामधुमीत परशुरामपंतांनी लेखणी ठेवून तलवार धरली, किल्ले परत घेतले, आणि छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात ‘प्रतिनिधी’ हे पद या घराण्याकडं आलं. प्रतिनिधी म्हणजे छत्रपतींच्या जागी उभा राहणारा माणूस. पुढं पेशवे मोठे झाले आणि प्रतिनिधींचं तेज उतरत गेलं. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांच्या छत्राखाली जे उरलं ते औंध संस्थान. पाचशे चौरस मैल, बहात्तर गावं, पाऊण लाखाच्या आसपास वस्ती. तेही सलग नव्हे. औंध एकीकडं, आटपाडी दुसरीकडं, कुंडल तिसरीकडं, आणि गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला. बराचसा मुलूख दुष्काळी. आमचं हैदराबाद संस्थान होतं ब्याऐंशी हजार चौरस मैलांचं. आता तुलना तुम्हीच करा.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. ते धाकटे, त्यामुळं गादी त्यांच्या वाट्याला येण्याचं तसं कारण नव्हतं. वडिलांनंतर थोरले बंधू गादीवर आले, मग पुतणे. पुतण्याला इंग्रज सरकारनं पदावरून दूर केलं आणि ४ नोव्हेंबर १९०९ रोजी बाळासाहेब गादीवर बसले. तेव्हा त्यांचं वय एक्केचाळीस. ज्याला लहानपणापासून ‘तू राजा होणार’ असं सांगितलेलं नसतं, त्याला आपले छंद जोपासायला वेळ मिळतो. बाळासाहेबांचे छंद तर मोजता येणार नाहीत इतके. ते चित्रं काढायचे. स्वतः उभं राहून कीर्तन करायचे. पहाटे सूर्यनमस्कार घालायचे आणि दुसऱ्यांनाही घालायला लावायचे.

या सूर्यनमस्कारांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. आज जगभर योगाच्या वर्गात जो सूर्यनमस्कार घालतात, त्याच्या प्रसारात या राजाचा वाटा फार मोठा आहे. त्यांनी संस्थानातल्या शाळांमधून तो सुरू केला, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं. शाळेतल्या पोरांना तो राजहट्टच वाटत असणार. सकाळी सकाळी सक्तीनं नमस्कार घालायला कुणाला आवडतं? पण हा राजा स्वतः आधी घालायचा, मग सांगायचा.

चित्रकलेचंही तसंच. १९१६ साली त्यांचं ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध झालं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली, तिच्या मुळाशीही यांचाच आग्रह आणि यांचंच आर्थिक पाठबळ. ते काम १९१९ साली सुरू झालं ते १९६६ साली संपलं. त्याआधीच पंधरा वर्षं राजा गेला होता. अजिंठा आणि वेरूळ ही लेणी आमच्या निजामाच्या हद्दीतली. पण त्यांवर पुस्तकं लिहिली ती औंधच्या राजानं. १९३५ साली इंदूरला मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्षही तेच होते.

असे छंदी राजे इतर देशांतही होऊन गेले. जर्मनीत एके काळी औंधसारखी छोटी छोटी संस्थानं पुष्कळ होती. त्यांतलं एक माइनिंगेन. तिथला राजा दुसरा गेऑर्ग १८६६ ते १९१४ गादीवर होता. त्याला नाटकाचा नाद. पात्रांचे पोशाख, रंगमंचावरचे देखावे यांची चित्रं तो स्वतः काढायचा, तालमी घ्यायचा. लग्नही त्यानं एका नटीशीच केलं. त्याची नाटक मंडळी १८७४ ते १८९० युरोपभर फिरली आणि मॉस्कोच्या स्तानिस्लावस्कीनं तिच्याकडून धडे घेतले. पण गेऑर्गच्या मुलाला १९१८ साली, पहिलं महायुद्ध हरल्यावर, क्रांतीच्या रेट्यात गादी सोडावी लागली. सगळ्याच जर्मन राजांचं त्या एका महिन्यात तसं झालं. लोक दारात आले तेव्हा राजे उठले.

आमच्या औंधच्या गोष्टीत नेमका इथंच फरक आहे, आणि तोच मला आज तुम्हाला सांगायचा आहे. पण त्याआधी नांगराची गोष्ट.

मानवतची जमीन काळी, कापसाची. लहानपणी आमच्या शिवारात लोखंडी नांगर दिसायचा, त्याला लोक नुसतं ‘किर्लोस्कर’ म्हणायचे. हे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावचे. तिथली कारखान्याची जागा त्यांना सोडावी लागली. हातात यंत्रं आहेत, माणसं आहेत, पण ती ठेवायला जागा नाही, अशी अवस्था. त्यांना बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी. माळावर निवडुंग आणि साप, एवढंच पीक होतं. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढं स्टेशनाचं नावही तेच झालं. म्हणजे बघा, गादीवर बसून वर्ष होतंय न होतंय तोच या राजानं एका कारागिराला जमीन दिली, आणि तिथं घडलेला नांगर आमच्या मराठवाड्यातल्या मातीत येऊन उतरला. राजवाड्याला नवा मजला चढवला असता तर तो मला मानवतला कशाला दिसला असता?

आणखी एक नाव सांगतो, कारण त्याचा आमच्या हैदराबादशी संबंध आहे. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. हे मूळचे चित्रकार. हैदराबादेत त्यांचा चांगला जम बसला होता. पण राष्ट्रीय विचारांमुळं त्यांना तिथं राहणं अशक्य झालं. भटकत भटकत, तुरुंगवास भोगून, ते औंधला आले, आणि तिथं स्वाध्याय मंडळ काढून त्यांनी वेदांचं मुद्रण केलं. एका राज्यानं घालवलेला माणूस दुसऱ्या राज्यानं सांभाळला. साने गुरुजी शिकायला काही काळ औंधलाच होते. ग. दि. माडगूळकर याच संस्थानातल्या माडगुळ्याचे, त्यांचंही शिक्षण औंधला झालं. गाण्यात अंतुबुवा जोशी दरबारी होते.

आता मुख्य गोष्ट. १९३८ साल.

त्या साली ऑक्टोबरात आमच्याकडं हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. मागणी काय होती? राज्यकारभार लोकांना जबाबदार असावा, एवढीच. निजामानं संघटना स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी घातली होती. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले. औरंगाबादेत ‘वंदे मातरम्’ म्हणायला बंदी आली आणि पोरांनी कॉलेज सोडलं. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, तिकडं औंधला, सत्तर वर्षांच्या राजानं आपण होऊन जाहीर केलं की माझे सगळे अधिकार मी प्रजेला देतो.

हे एकाएकी घडलं नाही. त्यामागं दोन माणसं होती. एक घरातला, एक पार परका. घरातला म्हणजे बाळासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब. १९१२ चा जन्म, ऑक्सफर्डला शिकलेले, बॅरिस्टर होऊन नुकतेच परत आलेले. परका म्हणजे मॉरिस फ्रीडमन. हा पोलंडमधला ज्यू इंजिनिअर. बंगलोरला सरकारी वीजसामानाच्या कारखान्यात कामाला होता, पण मन रमण महर्षींच्या आणि गांधीजींच्या पायाशी. भगवी वस्त्रं घालून ‘भारतानंद’ झालेला. आप्पासाहेबांची त्याच्याशी दोस्ती झाली आणि त्यांनी त्याला औंधला आणलं. या दोघांनी राजाच्या मागं लकडा लावला. राजाही तयारच होता म्हणा. नाहीतर असल्या पोरासोरांचं कोण ऐकतं?

मग हे लोक गांधीजींना वर्ध्याला जाऊन भेटले. गांधीजींनी घटनेच्या मसुद्यात जातीनं लक्ष घातलं. त्यांचा आग्रह असा की सत्ता खालून वर चढली पाहिजे. जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्याची घटना अमलात आली. प्रत्येक गावानं आपली पाच जणांची पंचायत निवडायची. गावाची शाळा, रस्ता, विहीर, किरकोळ तंटे, हे सगळं पंचायतीनं बघायचं. गावच्या पुढाऱ्यांनी मिळून तालुक्याची समिती, आणि तालुक्यांकडून संस्थानचं विधिमंडळ. मंत्री त्या मंडळाला जबाबदार. महसुलाचा मोठा वाटा गावाकडं. राजाच्या खासगी खर्चालाही मर्यादा.

मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं ते आप्पासाहेबांबद्दल. बापानं दिलं ते दिलं, त्याचं आयुष्य राजेपणात गेलेलं होतं. पण ज्या घराचं वैभव जाणार, त्याच घरातला सव्वीस वर्षांचा मुलगा ‘सोडून द्या’ म्हणून बापामागं लागतो. नुसता लागत नाही, तर खेडोपाडी हिंडून पंचायती उभ्या करण्याचं काम अंगावर घेतो. आमच्याकडं वाटणीच्या एका धुऱ्यावरून भाऊ भावाचं तोंड बघत नाहीत, कोर्टात पिढ्या जातात. या घरात पाचशे चौरस मैल सोडले आणि घर शाबूत राहिलं.

याच दिवसांत फ्रीडमनच्या डोक्यातून आणखी एक कल्पना निघाली. खुनाच्या, दरोड्याच्या शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंती आणि गज कशाला? त्यांना बायकापोरांसह उघड्या माळावर राहू द्या, शेती करू द्या. आटपाडीजवळ १९३९ साली ही वसाहत झाली, तिचं नाव स्वतंत्रपूर. ती आजही आहे. गदिमा त्याच भागातले. त्यांनी यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आंखें बारह हाथ’ काढला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. सिनेमा सगळ्यांनी पाहिला, पण त्यातला जेलर कुठल्या राज्यात शक्य झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

१९४२ नंतर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं पत्रीसरकार उभं राहिलं. त्याचा एक मोठा आधार कुंडल. जी. डी. बापू लाड कुंडलचे, तुफान सेना तिथलीच. आणि कुंडल औंध संस्थानात. ब्रिटिश हद्दीतल्या पोलिसांना संस्थानात एकदम घुसता येत नसे. भूमिगतांना हे पक्कं माहीत होतं. राजा इंग्रजांचा मांडलिक, त्याच्या कागदावर इंग्रजांचं शिक्कामोर्तब, आणि त्याच्या गावात इंग्रजांविरुद्धचं सरकार!

आता हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मास्तर, फारच गोड सांगताय. तर दुसरी बाजूही सांगतो. हे स्वराज्य राजानं दिलेलं होतं. लोकांनी मागून, लढून घेतलेलं नव्हतं. उद्या दुसरा राजा आला असता आणि इंग्रज रेसिडेंटानं कान भरले असते, तर काय झालं असतं? संस्थान गरीब होतं, दुष्काळी होतं. पंचायत निवडली म्हणून आटपाडीत पाऊस पडत नव्हता. गावात पूर्वी ज्याचं चालायचं त्याचंच पंचायतीतही बऱ्याचदा चालत असणार, हे आपण आजच्या ग्रामपंचायतीवरून ओळखू शकतो. रामानंद तीर्थांनी आणि त्यांच्या माणसांनी आमच्याकडं जे सोसलं, त्याची सर कुठल्याही राजाच्या दानाला यायची नाही, असंच मी मानतो.

पण शेवटी झालं काय तेही ऐका. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. औंधही झालं. राजानं खळखळ केली नाही. मात्र विलीनीकरणाबरोबर ती नऊ वर्षांची पंचायतींची घडीही मोडली. प्रांताचा कायदा लागू झाला, मामलेदार आला, सत्ता पुन्हा वरून खाली यायला लागली. देशाला स्वराज्य मिळालं आणि औंधच्या गावांचं स्वराज्य त्यात विरघळून गेलं. ज्यांनी ते राबवून पाहिलं होतं, त्यांना दिल्लीत किंवा मुंबईत कुणी बोलावून विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहतं. पंचायत राज्याला आपल्या संविधानात भक्कम जागा मिळाली ती त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनं, १९९३ मध्ये. मधे पंचेचाळीस वर्षं गेली.

बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ रोजी वारले. गादीचा नावापुरता मान नातवाकडं गेला. आप्पासाहेब मात्र तोवर आफ्रिकेत होते. पंडित नेहरूंनी १९४८ मध्ये त्यांना नैरोबीला भारताचे आयुक्त म्हणून पाठवलं होतं. तिथं त्यांचं काळ्या लोकांच्या पुढाऱ्यांशी इतकं सख्य जमलं की ब्रिटिश वसाहतवाल्यांच्या डोळ्यांत ते खुपू लागले, आणि १९५४ साली त्यांना परत यावं लागलं. मग सिक्कीम आणि भूतान. नेहरू १९५८ साली भूतानला गेले तेव्हा तिकडचं काम आप्पासाहेबांकडं होतं. नंतर इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन, इटली. उतारवयात त्यांनी वडिलांवर आणि औंधच्या प्रयोगावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ‘अ‍ॅन अनयूज्वल राजा’. नावातच सगळं आलं. १९९२ मध्ये ते गेले. फ्रीडमन त्यांच्या आधीच, १९७६ साली मुंबईत वारला. निसर्गदत्त महाराजांचे बोल इंग्रजीत नेऊन ‘आय अ‍ॅम दॅट’ या पुस्तकानं जगापुढं ठेवले ते यानंच.

आणि आप्पासाहेबांची मुलगी? अदिती पंत. समुद्रशास्त्रज्ञ. १९८३ साली भारताची तिसरी मोहीम अंटार्क्टिकाला निघाली. तोवर भारतीय मोहिमेतून तिथं एकही स्त्री गेलेली नव्हती. या मोहिमेत दोघी होत्या, एक सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या अदिती पंत. बहात्तर गावांच्या राजाची नात अंटार्क्टिकाच्या बर्फात समुद्राच्या पाण्याचे नमुने तपासत होती. ही बातमी आमच्या शाळेत फळ्यावर लिहिली होती, पण ती ‘बनगरवाडी’तल्या राजाची नात, हे मुलांना सांगितल्यावर वर्गात जो गलका झाला तो फळ्यावरच्या बातमीनं झाला नव्हता.

कधी साताऱ्याकडं गेलात तर औंधला जरूर जा. यमाईच्या डोंगराच्या चढावर राजानं १९३८ साली बांधलेलं संग्रहालय आहे, आता ते सरकारकडं आहे. तिथं राजा रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल दाखवणारं एक दगडी शिल्पही आहे. लोक रविवर्म्यापुढं गर्दी करतात आणि मूरचं शिल्प न बघताच पुढं जातात. तुम्ही तसं करू नका.